कासवाच्या संशोधनाचा पैसा कुठून आला?

पीएचडीला जायचं ठरवलेली मुलं दोन प्रश्न विचारतात. पहिला, विषय कोणता घेऊ? दुसरा जरा आवाज खाली आणून विचारतात: पैसे कोण देणार? मार्गदर्शक मंडळी पहिल्यावर तासभर बोलतात आणि दुसऱ्यावर "नेट-जेआरएफ काढा" एवढं सांगून मोकळी होतात. मला वाटतं, हे दोन्ही प्रश्न एकाच पिशवीतले आहेत. एखाद्या विषयाबद्दल आज आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, हे पूर्वी त्यासाठी कोणी, कशासाठी पैसे मोजले यावरून ठरलेलं असतं. हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून आज एकाच प्राण्याचा हिशोब मांडतो. प्राणी आपल्याच नदीतला घेतलाय.

सेलूच्या जवळून दुधना वाहते. ती पुढे पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला. या गोदावरीच्या पाण्यात एक मोठं कासव राहतं, किंवा राहायचं म्हणा. त्याच्या पाठीला टणक ढाल नसते, वरून चामड्यासारखी मऊ कातडी असते. नाक सोंडेसारखं पुढे आलेलं. पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात, वय वाढलं की ते पुसट होतात. मोठं झालेलं कासव पाठीच्या लांबीला दोन फुटांच्या आसपास जातं. इंग्रजी पुस्तकांत त्याला 'लिथ्स सॉफ्टशेल टर्टल' म्हणतात, शास्त्रीय नाव निल्सोनिया लिथी. भारताच्या द्वीपकल्पातच ते सापडतं: गोदावरी, कृष्णा, कावेरी अशा नद्यांत आणि त्यांच्यावरच्या जलाशयांत. आपल्याकडे तळ्यात-विहिरीत दिसतं ते लहान मऊ पाठीचं कासव वेगळं, त्याचं नाव लिसेमिस पंक्टाटा. दोघांत घोटाळा करू नका. जुन्या नोंदींत तो पुष्कळ वेळा झालेला आहे.

आता 'लिथ' कोण? अँड्र्यू लिथ हे मुंबई इलाख्यातले सरकारी डॉक्टर. मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीवर १८६४ मध्ये अहवाल लिहिला तेच हे लिथ. गटारं, साथी, मृत्यूचे आकडे हे त्यांचं पगाराचं काम. प्राणी गोळा करणं हा फावल्या वेळेतला छंद, आणि त्या काळी तो असंख्य लष्करी डॉक्टरांना होता. पुण्याकडचा नमुना लंडनला गेला, ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि नाव लिथ यांचं दिलं. म्हणजे या कासवावरच्या संशोधनाला पहिला 'निधी' कोणी दिला? मुंबई सरकारच्या आरोग्य खात्याच्या पगारानं, आणि लंडनच्या संग्रहालयाच्या पगारानं. कासवासाठी म्हणून कोणी एक रुपया काढलेला नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे दीडशे वर्षं हेच चाललंय.

इथे एक कामाची गोष्ट सांगून घेतो. या कासवाचं नाव दोनदा बदललंय. आधी ते ट्रायोनिक्स होतं, मग अ‍ॅस्पिडरेटिस, आणि २००७ मध्ये जनुकीय अभ्यासानंतर निल्सोनिया. साहित्याचा आढावा घेताना फक्त आजच्या नावानं शोधलंत तर तुम्हाला गेल्या वीसेक वर्षांतलंच सापडेल आणि तुम्ही प्रबंधात लिहून टाकाल की या जातीवर फारसं काम झालेलं नाही. तिन्ही नावांनी शोधा. काम खरंच कमी झालंय, पण ते तपासून लिहिणं वेगळं आणि एका नावानं शोधून लिहिणं वेगळं.

ग्रे यांच्यानंतरची पन्नास-साठ वर्षं याद्या करण्याची. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये नेल्सन अ‍ॅनंडेल होते. त्यांनी १९१२ मध्ये भारतातल्या मऊ पाठीच्या कासवांवर सविस्तर लेख लिहिला. १९१६ मध्ये झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया स्थापन झाला, अ‍ॅनंडेल त्याचे पहिले संचालक. १९३१ मध्ये माल्कम स्मिथ यांचा 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेतला सरपटणाऱ्या प्राण्यांचा पहिला खंड आला, त्यात कासवं आणि मगरी आहेत. आजही ओळख पटवताना लोक तो उघडतात. हा सगळा पैसा सरकारी होता, आणि सरकारला हवं होतं ते आपल्या ताब्यातल्या मुलुखात काय काय आहे याचं उत्तर. काय आहे, त्याचे दात कसे, कवटी कशी, कुठे सापडलं. किती आहेत हा प्रश्नच त्या पैशाच्या कक्षेत नव्हता. म्हणून आज आपल्याकडे १९१२ ची कवटीची मापं आहेत आणि १९१२ मध्ये गोदावरीत ही कासवं किती होती याचा एकही आकडा नाही.

त्याच काळात आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यात एक खरोखरचं मोठं सर्वेक्षण झालं. १९३१-३२ मध्ये सालिम अली यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. त्याची पैशाची बाजू आपल्यासाठी फार शिकण्यासारखी आहे. सालिम अलींना तेव्हा नोकरी नव्हती. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीपुढे त्यांनी प्रस्ताव ठेवला की मी पगार घेणार नाही, तंबू, प्रवास, मदतनीस यांचा खर्च तेवढा उभा करा. तो खर्च संस्थानाच्या तिजोरीतून आला. मग एकामागून एक संस्थानांत अशा पाहण्या झाल्या. सोसायटीनं याआधी १९११ पासून सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण असंच वर्गण्या गोळा करून चालवलं होतं.

पण बघा, सस्तन प्राणी झाले, पक्षी झाले. कासवं नाहीत. वर्गणी देणारे कोण होते? शिकारीचा नाद असलेले साहेब, चहामळ्यांचे मालक, संस्थानिक. त्यांना ज्यात रस, त्याची पाहणी. गढूळ पाण्याखाली वाळूत अंग पुरून बसणाऱ्या जिवाला कोण वर्गणी देतो? मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. सालिम अलींच्या त्या पाहणीमुळेच मराठवाड्यातल्या पक्ष्यांची आज जुन्या काळाशी तुलना करता येते. नेमकी तशीच पाहणी त्याच वर्षी, त्याच संस्थानात, गोदावरीच्या जलचरांची झाली असती तर काय झालं असतं, हा विचार मात्र सोडवत नाही.

स्वातंत्र्यानंतरची पहिली पंचवीस वर्षं आपल्या कासवापुरती कोरडीच गेली, म्हणून थेट १९७२ कडे येतो. वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. १९७५ मध्ये मगर संवर्धन प्रकल्प आला, त्याला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची आणि अन्न व कृषी संघटनेची मदत होती. कासवांच्या दृष्टीनं हा मगरींचा प्रकल्प महत्त्वाचा ठरला. सुसरींसाठी १९७९ मध्ये चंबळचं अभयारण्य झालं, आणि नदीचा तो पट्टा राखला गेल्यामुळे तिथली कासवंही वाचली, अभ्यासकांच्या नजरेला पडली. सुसरीच्या पाठीवर बसून कासव पुढे आलं असं म्हणा हवं तर.

याच सुमारास मद्रासमध्ये जे. विजया नावाची मुलगी स्नेक पार्कमध्ये काम करत होती. भारतातली पहिली महिला सरीसृपतज्ज्ञ म्हणून आज तिचं नाव घेतात. १९८२ मध्ये केरळच्या जंगलात, अनेक दशकं कोणी न पाहिलेलं केन टर्टल तिनं पुन्हा शोधून काढलं. देशभर फिरून कासवांची शिकार आणि विक्री कशी चालते याच्या नोंदी तिनं केल्या, मासळीबाजारांत जाऊन केल्या. तेव्हा ती विशीत होती. १९८७ मध्ये ती गेली. २००६ मध्ये त्या केन टर्टलच्या प्रजातीला तिच्या नावावरून 'विजयाकेलिस' हे नाव मिळालं. तिचं काम वाचताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवते. बाजारात उभं राहून नोंदी घेण्याला यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. एसटीचं भाडं, वही आणि धीर लागतो. आणि आज भारतातल्या कासवांच्या व्यापाराबद्दल १९८० च्या दशकातलं जे काही ठोस हाती आहे, त्यात या असल्या कामाचा वाटा मोठा आहे.

मग आला गंगेचा पैसा. गंगा कृती योजना १९८६ मध्ये सुरू झाली. नदी स्वच्छ करायची होती, आणि नदीत अर्धवट जळालेली प्रेतं सोडली जात होती. मांस खाणारी कासवं ती संपवतील अशी कल्पना निघाली. चंबळ-यमुनेकडून अंडी आणायची, वाराणसीजवळ सारनाथला पिल्लं वाढवायची, गंगेत सोडायची. १९८९ मध्ये वाराणसीला सात किलोमीटरच्या पट्ट्यात कासव अभयारण्यही जाहीर झालं. सोडलेल्या कासवांत मुख्य होतं निल्सोनिया गॅंजेटिका, म्हणजे आपल्या गोदावरीच्या कासवाचं सख्खं भावंड. त्याला सरकारी पैसा, अंडी उबवण्याचं केंद्र, अभयारण्य सगळं मिळालं. ते धोक्यात आहे म्हणून नव्हे, सफाई कामगार म्हणून. पुढे २०२० मध्ये ते अभयारण्य रद्द झालं. ज्या कामासाठी ठेवलं होतं त्या कामाचं महत्त्व संपलं की त्या खात्यावरचा पैसाही संपतो, हे तुम्ही प्रस्ताव लिहाल तेव्हा आठवा. गोदावरीला आपण दक्षिणगंगा म्हणतो, पण या बाबतीत तिच्या वाट्याला काही आलं नाही.

गोदावरीवर पैसा आला तो धरणांचा. पैठणचं जायकवाडी १९७६ ला पूर्ण झालं. पुढे आपल्या जिल्ह्यात गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे झाले, सेलूजवळ निम्न दुधना झालं. वाहत्या नदीची साखळीतली तळी झाली. मऊ पाठीचं कासव काठावरच्या वाळूत-मातीत अंडी घालतं. पाण्याची पातळी माणसाच्या हातात गेल्यावर आणि काठाची वाळू टिप्परनं उचलली गेल्यावर त्या अंड्यांचं काय होतं, हा इतका उघड संशोधनाचा विषय आहे की तो अजून कोणी घेतला कसा नाही असं वाटेल. पण आपल्या भागातल्या प्राणिशास्त्र विभागांचे जुने प्रबंध काढून बघा. अमुक तलावाच्या पाण्याचे भौतिक-रासायनिक गुणधर्म, तमुक तलावातले प्राणिप्लवक, माशांची विविधता. अशा विषयांना लोक हसतात. मला ते हसणं पटत नाही. बाटली, थर्मामीटर, टायट्रेशनची काच आणि महिन्यातून एक फेरी यात होणारं ते काम आहे. त्याला वनखात्याची परवानगी लागत नाही. प्रकल्प मंजूर नसलेल्या, फेलोशिप नसलेल्या, सकाळी तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला परवडेल असा तो विषय आहे. माझा स्वतःचा विषय धरणातल्या माशांचा. मासा बाजारात विकला जातो, त्यामुळे त्याच्या अभ्यासाचं कारण कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कासवाचं सांगावं लागतं.

बाहेर मात्र कासवाची किंमत चांगलीच ठाऊक होती. मांसासाठी शिकार चालूच होती, त्यात भर पडली कॅलिपीची. मऊ पाठीच्या कासवाच्या कडेची कूर्चा सुकवून ती पूर्व आशियाकडे चोरून पाठवतात. आपलं कासव जुन्या कायद्यात अनुसूची ४ मध्ये, म्हणजे कमी संरक्षणाच्या यादीत होतं. गंगेतलं त्याचं भावंड अनुसूची १ मध्ये. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याला 'अतिसंकटग्रस्त' ठरवलं गेलं. त्याच्या आधी ते 'असुरक्षित' या वर्गात होतं, म्हणजे एकदम दोन पायऱ्या खाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामाला झालेल्या साइटिस परिषदेत भारतानं प्रस्ताव मांडला आणि हे कासव परिशिष्ट २ मधून परिशिष्ट १ मध्ये गेलं. रानातून पकडलेल्या कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार त्यामुळे बंद. त्या वेळी सरकारनं सांगितलेली घट होती तीस वर्षांत नव्वद टक्के.

हा नव्वदचा आकडा तुम्ही प्रबंधात वापराल, म्हणून त्याच्याकडे नीट बघा. लाल यादीच्या निकषांत घट मोजून दाखवता येते, तशीच ती उपलब्ध खुणांवरून अनुमानानंही मांडता येते: जाळ्यात सापडणं कमी झालं, बाजारात येणं थांबलं, अधिवास गेला. हे पूर्णपणे वैध आहे. पण तीस वर्षांपूर्वी गोदावरीत बसून कोणी शिरगणती केली होती आणि आता पुन्हा केली, असा त्याचा अर्थ घेऊ नका. का केली नव्हती, ते आतापर्यंत वाचलंत.

आणि परिशिष्ट बदललं म्हणून पैसा आला का? साइटिस हा व्यापाराचा करार आहे, तो संशोधनाला निधी देत नाही. केंद्राच्या लुप्तप्राय जातींच्या पुनरुज्जीवन योजनेत २०१८ मध्ये उत्तरेकडचं एक नदीकासव, बाटागुर बास्का, घेतलं गेलं, ते सुंदरबनकडचं. सागरी कासवांसाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. दोन्ही चांगलंच झालं. द्वीपकल्पाच्या गोड्या पाण्यातलं कासव या दोन्हींच्या मधल्या फटीत पडलं.

मग आज एखाद्याला काम करायचं तर वाटा कोणत्या? स्वतःचं पोट चालवायला सीएसआयआर-यूजीसीची फेलोशिप आहे, जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, नंतर ४२ हजार. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप आहेत, पण त्यांची जाहिरात कधी येईल आणि पैसे कधी खात्यावर पडतील याचं गणित घरच्यांना आधीच समजावून ठेवा. लक्षात घ्या, फेलोशिप तुमच्या जेवणाची असते. बोट, इंधन, मदतनीस, जनुकीय चाचणी हे त्यात बसत नाही. मोठ्या प्रकल्पांसाठी पूर्वी एसईआरबी होतं, २०२४ पासून त्याची जागा अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठाननं घेतली. तिथे अर्ज तुमच्या मार्गदर्शकांच्या नावानं जातो. राज्यात महाराष्ट्र जनुक कोशाला एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, पाच वर्षांसाठी १७२.३९ कोटी, आणि त्याच्या सात विषयांपैकी एक विषय गोड्या पाण्यातली जैवविविधता हा आहे. हे वाक्य अधोरेखित करून ठेवा.

बाहेरच्या निधींत रफर्ड फाउंडेशनचं लहान अनुदान तरुणांना मिळतं, मोहम्मद बिन झायेद निधी एकेका जातीसाठी २५ हजार डॉलरपर्यंत देतो, लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीची 'एज' फेलोशिप आहे, आणि २००२ पासूनचा टर्टल कॉन्झर्व्हेशन फंड तर कासवांसाठीच आहे. यांचा अर्ज तुम्ही स्वतः करू शकता. पण हे सगळे निधी एक-दोन वर्षांचे असतात आणि कासव प्रौढ व्हायलाच त्याहून कितीतरी जास्त वर्षं घेतं. संख्या वाढली की घटली हे दोन वर्षांत सांगता येत नाही. तरीही तसं सांगण्याचं वचन देणारे प्रस्ताव लिहिले जातात, आणि परीक्षकांना ते पहिल्या पानावरच कळतं.

दोन वर्षांत काय होऊ शकतं याचा चांगला नमुना केरळात आहे. चंद्रगिरी नदीत आयुषी जैन यांनी कँटरच्या महाकाय मऊ पाठीच्या कासवावर काम केलं, 'एज' फेलोशिपवर. हे कासव दिसतच नाही म्हणण्याइतकं दुर्मीळ. नेहमीच्या पद्धतींनी हाती फार लागेना, तेव्हा नदीकाठच्या लोकांकडून माहिती घेण्यावर भर दिला. कोणाच्या जाळ्यात अडकलं, कोणाला अंडी दिसली हे कळवणारं गावकऱ्यांचं जाळं उभं राहिलं, आणि त्यातून माद्यांच्या, घरट्यांच्या नोंदी मिळाल्या. २०२४ मध्ये ते 'ओरिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. विजयानं चाळीस वर्षांपूर्वी बाजारात उभं राहून जे केलं, त्याच्या फार लांबचं हे नाही.

आपल्या भागासाठी हाच रस्ता मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. गोदाकाठच्या भोई कुटुंबांत साठी-सत्तरीतली माणसं आहेत, त्यांनी बंधाऱ्यांच्या आधीची नदी पाहिलीय. शेवटचं मोठं कासव कुठल्या डोहात, कुठल्या साली, कुठल्या जाळ्यात आलं हे त्यांना सालाच्या आकड्यात आठवणार नाही. पण धरण भरलं त्या वर्षी, थोरल्याच्या लग्नाच्या आदल्या उन्हाळ्यात, असं नक्की आठवेल, आणि ते सालात बसवणं हे तुमचं काम. प्रश्नावली करताना दोन्ही मऊ पाठीच्या कासवांचे फोटो शेजारी शेजारी दाखवा, नाहीतर लहान कासवाच्या आठवणी मोठ्याच्या खात्यात जमा होतील. शिकार हा गुन्हा आहे हे समोरच्याला माहीत असतं, त्यामुळे नाव न लिहिण्याचा शब्द द्या आणि तो पाळा. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या. ही माणसं अजून दहा-पंधरा वर्षं आपल्याला सांगायला असतील, आणि या कामाला रफर्डच्या लहान अनुदानाइतकाही पैसा लागणार नाही.

प्रत्यक्ष कासव पकडायचं, मोजायचं, ऊतीचा नमुना घ्यायचा तर वन्यजीव कायद्याच्या कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि अनुसूची १ मधला प्राणी असेल तर आधी केंद्राचीही. कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून अनुसूचींची मांडणीच बदलली. तेव्हा जुन्या पेपरातला अनुसूची क्रमांक उचलून अर्जात टाकू नका, राजपत्र काढून बघा. निधीचा अर्ज आणि परवानगीचा अर्ज एकाच आठवड्यात करा. निधीची घड्याळं मंजुरीच्या पत्रापासून चालू होतात, ती परवानगीच्या फाइलसाठी थांबत नाहीत, आणि मध्ये एक उन्हाळा गेला की नदीचा काठ उघडा पडण्याचे ते तीन महिने पुन्हा वर्षानंच येतात.